पाचवा पर्याय

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे साहेब म्हणतात. सासूबाई होत्या तेव्हा त्याही साहेबच म्हणायच्या. गाडीचं लायसन्स देणाऱ्या कचेरीत ते परीक्षक होते. मांडीवर पॅड घेऊन शेजारच्या सीटवर बसायचं, समोरच्याला गाडी वळवायला, मागे घ्यायला, चढावर थांबवायला लावायचं आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता पास नाहीतर नापास लिहायचं. नोकरीभर हेच केल्यामुळे त्यांची नजर अशी झाली होती, की त्यांच्यासमोर साधा भात वाढतानाही आपली परीक्षा चाललीय असं वाटायचं.

निवृत्तीनंतर त्यांना ऐकू कमी यायला लागलं. पुढे फारच कमी. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांसाठी मशीन दिलं, घेवड्याच्या दाण्याएवढं. आठवडाभर साहेबांनी ते घातलं. मग ते डबीत गेलं, डबी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेली आणि आमचं घर पुन्हा ओरडायला लागलं. नवरा ओरडायचा, मी ओरडायचे, आणि साहेब आमच्याकडे शांतपणे बघत म्हणायचे, "जवळ येऊन बोला."

या सगळ्यात मी शिकत होते. मी एका हॉस्पिटलमध्ये नव्या कर्मचाऱ्यांना शिकवते. हात कसे धुवायचे, आग विझवायचं नळकांडं कसं वापरायचं, पेशंटची फाइल कशी भरायची. हॉस्पिटलने एक दिवस ठरवलं, की आता हे सगळं ऑनलाइन. पाठोपाठ असंही ठरवलं, की ऑनलाइन कोर्स तयार करणाऱ्याकडे त्या विषयाची मास्टर्स डिग्री पाहिजे. म्हणजे इतकी वर्षं मी शिकवत होते ते कशाच्या जोरावर, हे कुणी विचारलं नाही. मी मुकाट्याने इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या, म्हणजे कोर्स कसे तयार करावेत याच्या, मास्टर्सला नाव घातलं. तेही ऑनलाइन.

या शिक्षणाने माझ्या नाकी नऊ आणले. ऑनलाइन कोर्स सुटसुटीत कसा असावा, हा धडा त्यांच्या वेबसाइटवर अशा कोपऱ्यात ठेवला होता, की तो सापडेपर्यंत आपण कशासाठी आलो होतो हेच मी विसरायचे. दर आठवड्याला चर्चेच्या पानावर काहीतरी लिहायचं आणि दोन सहाध्यायांना उत्तर द्यायचं. न दिलं तर मार्क गेले. त्यामुळे आम्ही सगळे एकमेकांना "तुमचा मुद्दा फार आवडला" असं लिहायचो, बहुतेक वेळा मुद्दा न वाचताच. त्या गर्दीत एकच माणूस मला खराखुरा भेटला. ती दातांची डॉक्टर होती, दुसऱ्या शहरात राहणारी, डेंटल कॉलेजात शिकवणारी. मी मनात तिला दातवाली म्हणायचे. तिची एकच खोड, की ती कधी लिहायची नाही. लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायची, मागे ड्रिलचा आवाज.

शेवटच्या सत्रात मोठा प्रोजेक्ट होता. खरा शिकणारा शोधायचा, त्याची खरी अडचण शोधायची, त्यावर ऑनलाइन कोर्स तयार करून त्याला शिकवायचं आणि फरक पडला हे दाखवायचं. आमच्या गाइड मॅडम माझ्याहून लहान, पण बोलण्यात धार. त्या म्हणाल्या, "शिकणारा घरातला चालेल. पण आधी अडचण नीट तपासा. ती गृहीत धरू नका."

मी काय तपासणार? अडचण टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेली मला रोज दिसत होती. साहेबांना मशीन वापरता येत नाही, वयामुळे बोटं थरथरतात, विचारायला लाज वाटते. बस्स. तरी रीतसर म्हणून मी टॅबवर प्रश्नावली तयार केली आणि साहेबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, एकेक प्रश्न दोनदा वाचला आणि टॅब परत केला. 'तुम्ही मशीन का घालत नाही' याला त्यांनी पहिला पर्याय निवडला होता: कसं घालायचं ते कळत नाही. झालं. माझा प्रोजेक्ट उभा राहिला.

कोर्स तयार करायला दीड महिना गेला. आमच्या घरात शांतता कुठेच नसल्यामुळे मी कपाटात डोकं घालून, लटकवलेल्या शर्टांमध्ये तोंड खुपसून आवाज रेकॉर्ड करायचे. एकदा "आता बॅटरीचं झाकण अलगद उघडा" एवढं वाक्य चौथ्यांदा म्हणत होते, तेवढ्यात नवऱ्याने मिक्सर लावला. मी कपाटातून बाहेर आले. माझ्या डोक्यावर त्याचा टाय होता.

"दोन मिनिटं थांबता येत नाही का तुला?" मी म्हटलं.

"तुझी दोन मिनिटं सकाळपासून चाललीत," तो म्हणाला. "आणि बाबांना शिकवायचंय ना, मग त्यांना समोर बसवून सांग की. दहा मिनिटांचं काम आहे."

"मला डिग्री समोर बसवून मिळत नाही. ऑनलाइन शिकवून मिळते."

त्याने हात जोडले आणि मिक्सर पुन्हा लावला.

शेवटी पाच धडे तयार झाले. मोठी अक्षरं, खाली शब्द, माझ्या हातांचे जवळून घेतलेले व्हिडिओ, प्रत्येक धड्यानंतर छोटी परीक्षा. साहेबांना ऐकू येत नाही म्हणून सगळं वाचूनही कळेल असं केलं होतं. म्हणजे तो कपाटातला आवाज मी कुणासाठी रेकॉर्ड केला, हे मला आजही सांगता येणार नाही. मार्कांच्या तक्त्यात 'आवाज' असा रकाना होता, एवढंच.

साहेबांनी कोर्स अगदी शिस्तीत केला. रोज सकाळी पेपर वाचून झाला की टॅब घेऊन टेबलाशी बसायचे. पाची परीक्षांत पैकीच्या पैकी. मशीन पुसणं, बॅटरी बदलणं, डावं-उजवं ओळखणं, कानात बसवणं, सगळं त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं. बोटं जराही थरथरली नाहीत.

"कसा वाटला कोर्स?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"चांगला आहे. तिसऱ्या धड्यातल्या दुसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर येतात. तेवढं दुरुस्त कर."

मी तपासलं. खरंच येत होती. तरी मी हवेत होते. मी अहवालाचा मसुदा मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. 'त्यांना आता येतं हे कळलं. ते घालतात का?'

घालत नव्हते. परीक्षा संपली त्या दिवशी डबी ड्रॉवरमध्ये परत गेली होती. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं असतं तर निदान फरशी तरी ओली झाली असती.

मग मी आम्हाला शिकवलेले सगळे उपाय केले. टॅबवर रोज सकाळी आठवण येईल अशी घंटी लावली. ती साहेबांना ऐकूच यायची नाही, आम्हाला यायची. मशीन घातलं की एक चांदणी, सात चांदण्या झाल्या की पदक, असा तक्ता केला. साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "सूनबाई, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे." तो तक्ता मी काढून टाकला. शेवटी मला आठवलं, की मशीन दिवसात किती तास चालू होतं ते मोबाइलवर दिसतं. मी साहेबांना सांगितलं, की मला रोज निदान आठ तास दिसले पाहिजेत, नाहीतर माझा प्रोजेक्ट बुडाला.

"आठ तास चालू पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ठीक आहे."

दुसऱ्या दिवसापासून आठ तास दिसायला लागले. कधी साडेआठ. मी सकाळी लवकर कामावर जायचे, संध्याकाळी उशिरा यायचे. मी आल्यावर मशीन डबीत असायचं, आणि दिवसभर घालून कान थकले असतील असं मला वाटायचं. पंधरा दिवसांचा आलेख काढून मी मॅडमना पाठवला. आलेख इतका सुंदर होता, की मी तो चर्चेच्या पानावरही टाकला. सगळ्यांना माझा मुद्दा फार आवडला.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, साहेब गॅलरीत बसले होते. कुठूनतरी बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. फ्रिज तपासला, मोबाइल तपासला. आवाज टीव्हीखालून येत होता. ड्रॉवर उघडला तर डबी उघडी, आत दोन्ही मशीन चालू, एकमेकांना खेटून शिट्टी वाजवत पडलेली. असं का होतं, ते माझ्याच चौथ्या धड्यात होतं.

मी डबी हातात घेऊन तिथेच खाली बसले. मला रडूही येईना आणि हसूही येईना. मॅडमकडे आलेख गेला होता. साठ सहाध्यायांनी त्याला लाइकचे अंगठे दिले होते.

नवऱ्याला फोन केला तर तो हसत सुटला. "तू चालू पाहिजे म्हणालीस, त्यांनी चालू ठेवलं. घाला असं कुठे म्हणाली होतीस?" मी फोन बंद केला आणि दातवालीला मेसेज केला. तिचा उलट मेसेज आला, नेहमीसारखा लांब. त्यात तिच्या कॉलेजचं पार्किंग, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं होतं, आणि मध्येच ती म्हणाली, "अगं, ब्रश कसा करायचा हे माहीत नसलेला पेशंट मी आजवर पाहिला नाही. सगळ्यांना येतं. म्हणून का सगळे करतात? तू त्यांना सरळ विचार ना. फॉर्म देऊ नकोस, विचार."

मी गॅलरीत गेले. साहेब बूट पॉलिश करत होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले आणि डबी समोर धरली. त्यांनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आठ तास झाले की बंद करणार होतो," ते म्हणाले.

"साहेब, माझी सगळ्यांसमोर शोभा झाली."

"तुझा प्रोजेक्ट बुडेल म्हणालीस. बुडू नये म्हणून केलं."

"पण घालत का नाही? टोचतं का? आवाज घुमतो?"

"नाही. उत्तम आहे मशीन. तुझं शिकवणंही उत्तम. मला सगळं येतं."

"मग?"

त्यांनी ब्रश बुटात ठेवला.

"पहिल्या आठवड्यात घातलं होतं ना मी," ते म्हणाले. "त्याच्या आधी कसं होतं? चहा हवा का, हे विचारायला तू येऊन खांद्याला हात लावायचीस. समोर बसायचीस. तो कामावरून आला की इथे शेजारी टेकून कानात दिवसभराचं सांगायचा. ओरडायचा, पण शेजारी बसून. मशीन घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून तू स्वयंपाकघरातून विचारायला लागलीस, साहेब, चहा? तो आतल्या खोलीतून, मोबाइलमध्ये बघत, बाबा जेवलात का? मी हो म्हणायचो. आठवडाभर मला सगळं ऐकू आलं आणि कुणी जवळ आलं नाही. मग काढून ठेवलं."

वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वैताग आला, आणि तोच आधी तोंडातून बाहेर पडला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं? मी कपाटात डोकं घालून दीड महिना घालवला. मी तुम्हाला लेखी विचारलं होतं."

"तू चार पर्याय दिले होतेस. कळत नाही, टोचतं, आवाज नीट येत नाही, लक्षात राहत नाही. त्यात हे नव्हतं."

"मग पहिला का निवडलात?"

"एक निवडल्याशिवाय पुढचं पान येत नव्हतं."

हे खरं होतं. ती सोय मीच केली होती. कुणी प्रश्न टाळून पुढे जाऊ नये म्हणून.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," साहेब म्हणाले आणि बूट पुन्हा हातात घेतला. "पण पखाल शिकली चांगलं."

सोमवारी मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. आलेख खोटा आहे, माझा शिकणारा चुकीचा आहे, ज्यांना शिकवायला हवं ते मी आणि माझा नवरा आहोत. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता तसं करा. मुदत तीच राहील."

मुदतीला बारा दिवस उरले होते. मी दुसरा कोर्स केला, अगदी छोटा. मशीन घातलेल्या माणसाशी कसं बोलावं: समोर या, चेहरा दिसू द्या, मग बोला, भिंतीपलीकडून बोलू नका. शिकणारा, माझा नवरा. त्याला मी टॅब दिला, तर तो मॅच बघत एकामागून एक 'पुढे' दाबत गेला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "झाला." परीक्षेत पास झाला होता. प्रश्न इतके सोपे होते, की मॅच बघतही पास होता येत होतं. हेही माझंच कर्तृत्व.

"याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला हवी," मी साहेबांना म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला उत्साह आला. त्यांनी मशीन घातलं, आतून जुनं पॅड शोधून आणलं आणि खुर्चीत ताठ बसले. अट अशी, की परीक्षा कधी चालू आहे हे सांगायचं नाही. संध्याकाळी नवरा आला, बूट काढता काढता दारातूनच म्हणाला, "बाबा, गोळ्या घेतल्या का?" साहेबांनी पॅडवर काहीतरी लिहिलं आणि कागद फाडून त्याच्या हातात दिला. नापास.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"पुन्हा अर्ज करता येईल," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो समोर येऊन बसला, पण नजर मोबाइलमध्ये. पुन्हा नापास. तेव्हा तो खरंच चिडला. "मी थकून येतो. घरात पण परीक्षा? तुमचं दोघांचं काय चाललंय?" त्या रात्री तो कुणाशीच बोलला नाही. मलाही वाटलं, की हे जरा अतीच झालं. मी साहेबांना तसं म्हटलं, समोर बसून. ते म्हणाले, "थकला आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, दारातून नको. चहा होईपर्यंत बस, मग विचार. नाहीतर विचारूच नको."

तिसऱ्या दिवशी नवरा आला, सरळ आत गेला, हातपाय धुतले, दोन कप चहा घेऊन गॅलरीत आला आणि साहेबांसमोर बसला. विचारलं काहीच नाही. ऑफिसातल्या कुठल्याशा भांडणाचं सांगायला लागला, नेहमीच्या आवाजात. मी स्वयंपाकघरातून बघत होते. साहेबांनी पॅड उचललंच नाही. जेवताना मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पास. कागदाची गरज नाही." पण माझ्या प्रोजेक्टला कागदाची गरज होती, तो मी नंतर मागून घेतला.

मी स्वतः अजून पूर्ण पास झालेले नाही. हातात उलथणं असलं की तोंडातून हाक जातेच. साहेब उत्तर देत नाहीत, म्हणजे ऐकू आलंय हे मला कळतं. मशीन ते आता सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत घालतात, आणि संध्याकाळी नवरा आल्यावर. मधले तास ड्रॉवरमध्ये, बंद करून.

महिन्याने निकाल लागला. मला ए नाही, बी मिळाला. मॅडमनी लिहिलं होतं, की निष्कर्ष उत्तम आहे, पण आराखड्यात कबूल केलेला कोर्स वेगळा, दिलेला वेगळा. शिकणारा मध्येच बदलला, पहिला आलेख मागे घ्यावा लागला, आणि दुसऱ्या कोर्समध्ये आवाज नाही. दातवालीने दात घासण्यावर कोर्स केला होता. तिला ए मिळाला.

"तुझे पेशंट घासायला लागले?" मी तिला विचारलं.

"छे," ती म्हणाली. "पण आलेख छान आला."

मी दोन दिवस फणफणत होते. शेवटी मार्कांचा तक्ता साहेबांसमोर ठेवला, निदान घरातल्या परीक्षकाने तरी माझी बाजू घ्यावी म्हणून. त्यांनी चष्मा लावला, प्रत्येक रकाना वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही बी दिला असता."

"साहेब, मी खरं शोधून काढलं. तिने काहीच शोधलं नाही आणि तिला ए."

"चढावर गाडी सुरेख थांबवली म्हणून सिग्नल मोडल्याचं मी कुणाला माफ केलं नाही. पण तुला गाडी येते. ते मार्कांवर नसतं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

वाटलं होतं, की हा प्रोजेक्ट म्हणजे शेवट. पण स्टॅटिस्टिक्सचा एक पेपर मी मागच्या वर्षी पुढे ढकलला होता, तो आता द्यायचा होता. परवा त्याचं पहिलं व्याख्यान टॅबवर लावलं. साहेब शेजारी येऊन बसले, तुझी हरकत नसेल तर ऐकतो म्हणाले. सर पडद्यावर आले, तोंड हलवायला लागले, पण आवाज येईना. मी टॅबचा आवाज पूर्ण वाढवला. काहीच नाही. साहेब मात्र एकाग्र होऊन बघत होते, मध्येच मान डोलावत होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टॅब ब्लूटूथने त्यांच्या मशीनला जोडला गेला होता. सगळं व्याख्यान थेट त्यांच्या कानात चाललं होतं.

"साहेब," मी त्यांच्यासमोर वाकून म्हटलं, "काय सांगताहेत सर?"

त्यांनी एक बोट वर केलं. "थांब जरा. महत्त्वाचं चाललंय."